कपडे सांभाळणारा

धुळे-सोलापूर महामार्गावर वडीगोद्रीला तुम्ही एसटीतून उतरता. उसाचा ट्रक धूळ उडवत जातो. ती धूळ खाली बसेपर्यंत डोळे मिटून घ्या. आधी ट्रकचा आवाज विरतो. मग कुठून तरी हलगी ऐकू येते.

डोळे उघडता तेव्हा पायाखाली डांबर नसतं. बैलगाडीच्या चाकोऱ्या असतात, मधे वाळलेलं हराळीचं गवत. 1952 चा चैत्र आहे. ऊस कुठेच दिसत नाही, कारण जायकवाडीचा डावा कालवा अजून झालेला नाही. ज्वारी खळ्यातून घरात गेली आहे आणि काळ्या रानाला भेगा पडल्या आहेत. अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यात मोडतो आणि औरंगाबाद हैदराबाद राज्यात. निजामाची सत्ता जाऊन चार वर्षंही झालेली नाहीत. लोकांच्या कनवटीला चारमिनारचं चित्र असलेले हाली रुपये आहेत.

हलगीच्या दिशेनं चाला. नांगरून, ढेकळं फोडून, पाणी शिंपडून मऊ केलेलं एक वावर आहे. त्याच्या चारी बाजूंना माणसं बसली आहेत, मागची उभी आहेत, त्यांच्या मागची गाड्यांच्या साट्यांवर चढली आहेत. हा जत्रेचा फड. बारक्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या उरकल्या आहेत. नारळावरच्याही झाल्या. आता आण्यांवरून रुपयांवर गाडी आली आहे.

एक पैलवान तुमच्यासमोर येऊन थांबतो. पंचविशीचा असेल. कानाच्या पाळ्या मोडून गड्ड्यासारख्या झालेल्या. कालपासून चालत आलाय, गोदावरी शहागडला ओलांडून. तो सदरा काढतो, धोतर सोडतो, फेट्यात सगळं गुंडाळतो आणि काही न विचारता तुमच्या हातात देतो.

“धरा हो पाव्हणं. शिदोरी हाय त्यात, सांडू नका.”

आता तुम्ही त्याचे कपडे सांभाळणारे झालात. हे काम साधं समजू नका. ज्याच्या हाती पैलवान कपडे देतो, तो त्या फडात त्याचा माणूस असतो.

या पैलवानाला ना संस्था आहे ना पगार. कुठल्या गावाची जत्रा कोणत्या तिथीला, कुठे इनाम रोख मिळतं, कुठले पंच पक्षपात करतात, हे सगळं त्याच्या डोक्यात आहे. एक जत्रा झाली की दुसरी. पावसाळ्यात मेहनत, हिवाळ्यापासून वैशाखापर्यंत पायपीट. गुडघा एकदा निखळला की वर्ष गेलं. खुराकाचं दूध उधार, बदाम तर नुसते ऐकलेले. शेजारच्या जांब गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांनी बलोपासना सांगितली, गावोगाव मारुती उभे केले. पण त्या मारुतीपुढच्या तालमीत घाम गाळणाऱ्याचं पोट कसं भरावं, हे मात्र ज्याचं त्यालाच शोधावं लागलं.

पंच त्याचा हात धरून फडभर फिरवतात. “हाय का कुणी जोड?” पलीकडून एक जण उठतो. दोघं माती उचलून कपाळाला लावतात, एकमेकांच्या अंगावर टाकतात, म्हणजे घामट कातडी हातात धरता येते. सलामी होते. मग बराच वेळ काहीच होत नाही असं तुम्हाला वाटतं. मानेवर हात, कपाळाला कपाळ. पण शेजारचा म्हातारा तुमचा दंड दाबतो आणि पुटपुटतो, “पट काढतोय बघ... आता... आता...” पट निघतो. समोरचा पालथा पडून जमीन धरतो. तुमचा माणूस घिस्सा लावतो, हुकतो, पुन्हा लावतो. तुम्हाला कळतही नाही आणि तुम्ही ओरडायला लागता. सगळं रान ओरडत असतं. एखादा वस्ताद डाव सांगतो, एखादा पंचावर खेकसतो, “पाठ लागली नाय अजून!” आणि पंचाला ऐकावं लागतं.

या ओरडण्याचा आवाज कानात साठवून ठेवा. आता तो थांबणार आहे.

पायाखालची माती जाते. खाली जाड गादी आहे. 23 जुलै 1952, हेलसिंकीचं प्रदर्शन सभागृह. कपड्यांचं गाठोडं अजून तुमच्या हातात आहे. समोर कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव उभे आहेत. वय 26, वजनी गट 57 किलो. चार वर्षांपूर्वी लंडनला 52 किलो गटात ते सहावे आले, तेव्हा कुठे गादीवरच्या कुस्तीशी त्यांची पहिली ओळख झाली. इथे येण्यासाठी त्यांनी दारोदार वर्गणी मागितली आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये दिले आहेत. कॅनडाचा पॉलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ यांना खाशाबांनी हरवलं आहे.

आता समोर जपानचा शोहाची इशी. तो 25 वर्षांचा. मुळात ज्युदोचा गडी. युद्ध हरलेल्या जपानात दोस्तांच्या लष्करी अंमलानं शाळांमधल्या ज्युदोवर बंदी घातली, म्हणून तो या कुस्तीकडे वळला. एकाची माती घरी राहिली, दुसऱ्याची विद्या बंद झाली. असे दोघं पंधरा मिनिटं एकमेकांना भिडतात. तुम्हाला जत्रेतला तो म्हातारा आठवतो, कारण इथेही कपाळाला कपाळ आहे. इशी गुणांवर जिंकतो. हेलसिंकीत जपानला मिळालेलं एकमेव सुवर्णपदक त्याचं.

आणि लगेच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या ममदबेयोवशी लढायला बोलावतात. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हवी, असा नियम होता म्हणतात. त्यावर बोट ठेवायला भारताचा एकही अधिकारी तिथे नव्हता, ही हकिकत महाराष्ट्राच्या तालमीतालमीत अजून सांगितली जाते. छाती भात्यासारखी चाललेली असताना खाशाबा पुन्हा गादीवर जातात. तुम्ही ओरडायला तोंड उघडता. आवाज निघत नाही. तुम्ही त्या काळातले नाही, आणि जे आहेत त्यांच्यातलं कुणी ओरडत नाही. मला त्या प्रसंगातला पराभव तेवढा लागत नाही, ही शांतता लागते. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कांस्य, अशा शांततेत मिळालं.

जत्रेतला तो फड आणखी कुठे भेटतो ते पाहायला क्षणभर चाळीस वर्षं पुढे चला. ईशान्य जपानचा इवाते प्रांत. ‘द ग्रेट सासुके’ या मुखवटाधारी मल्लानं 1993 मध्ये तिथे ‘मिचिनोकु प्रो’ नावाची स्वतःची छोटी कुस्ती-मंडळी उभी केली. टोकियोच्या बड्या कंपन्यांपासून दूर, तालुक्यातालुक्याच्या व्यायामशाळांत ते खेळ लावतात. इथल्या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो, पण आपटणं खरंच असतं, पाठ खरीच सुजते. तिथे जिन्सेई शिन्झाकी नावाचा मल्ल शिकोकू बेटाच्या परिक्रमेतल्या यात्रेकरूचा पांढरा वेश करून येतो आणि हात जोडून, तोल सावरत, रिंगणाच्या वरच्या दोरावरून चालतो. आपल्याकडचा वारकरी आखाड्यात उतरावा तसा. पुढच्या रांगेतली म्हातारी त्याला नमस्कार करते. तुम्हाला ती वडीगोद्रीच्या फडातल्या म्हाताऱ्याची बहीण वाटते.

मागे फिरा. वाटेत कऱ्हाडला थांबा, कारण तिथे पदक घेऊन परतलेल्या खाशाबांच्या मिरवणुकीसाठी 151 बैलगाड्या जुंपून उभ्या आहेत. स्टेशनापासून गोळेश्वर एरवी पाव तासाच्या वाटेवर, त्या मिरवणुकीला सात तास लागले. आणि त्यानंतर खाशाबांनी काय केलं, तर कुस्त्यांचे फड लावले. इनाम जिंकलं आणि खर्डेकरांच्या घराचं कर्ज फेडायला दिलं, असं सांगतात. ऑलिंपिकचा खर्च शेवटी मातीतल्या बिदागीनं भरून काढला.

पुढे ते 1955 मध्ये पोलीस खात्यात फौजदार झाले. 14 ऑगस्ट 1984 ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

हलगी पुन्हा ऐकू येते. वावरात तुमचा माणूस उताणा नाही, उभा आहे. समोरच्याच्या पाठीला माती लागली आहे. हरलेल्याला उठवून तो त्याची पाठ झटकतो. मग दोन्ही हातांनी पंचा पसरून फडाला चक्कर मारतो आणि पंच्यात नाणी पडत राहतात: आणे, चवल्या, एखादा चारमिनारचा रुपया. ज्याला जितकं परवडेल तितकं. शेजारचा म्हातारा बंडीचा खिसा चाचपतो, एक आणा काढतो, थोडा थांबतो, आणि दुसराही काढतो.

पैलवान तुमच्याकडे येतो. कानात, पापण्यांवर, दातांत माती. गाठोडं घेतो, सोडतो, शिदोरी पाहतो. भाकरी आणि ठेचा जसेच्या तसे आहेत. अर्धी भाकरी मोडून तो तुमच्या हातावर ठेवतो.

“लई वरडलात पाव्हणं,” तो म्हणतो. “ऐकू आलं मला.”

सदरा अंगात घालतो, नाण्यांची पुरचुंडी कनवटीला बांधतो, अंबडची वाट कुठली ते विचारतो आणि ऊन कलायच्या आत निघतो.