तिरकामठ्याचा वेग आणि पिनचा नेम

तिरकामठा हा उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्याच्या पूर्वेकडील डोंगरांतल्या ठाकूर-कातकरी पाड्यांच्या ओळखीचा. बांबूचा कामठा, नेम धरायची पिन नाही, भिंग नाही. सगळी भिस्त सावजाच्या जवळ जाण्यावर, आणि त्यामागे पक्के गणित आहे.

हवेचा विरोध सोडला, तर सेकंदाला 45 मीटर वेगाने सुटलेला बाण 20 मीटरवर पोचेपर्यंत सरळ रेषेपासून जवळजवळ 1 मीटर खाली येतो. कप्प्यांवर चालणाऱ्या कंपाउंड धनुष्याचा 85 मीटर वेगाचा बाण तेवढ्याच अंतरात फक्त 27 सेंटिमीटर उतरतो. पण 40 मीटरवर तोही मीटरभर खाली. अंतर दुप्पट, उतार चौपट. म्हणूनच परदेशातले शिकारी अंतरागणिक वेगळी पिन बसवतात. बाण खाली लागला की पिन खाली, डावीकडे लागला की डावीकडे.

निव्वळ वेगामागे धावणे मात्र चूक. 30 मीटरवरच्या हरणाला दोरीचा आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पोचतो, 85 मीटर वेगाचा बाण त्याच्या सुमारे चौपट वेळ घेतो. हलका बाण वेगवान खरा, पण तो सुटताना धनुष्य अधिक खणखणते. शांत, जड बाणच शहाणपणाचा.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा ठरली, हे योग्यच झाले. तिरंदाजीचे कौशल्य आता मैदानावर दिसते: 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडचे जगज्जेते झाले. तिथे अंतर ठरलेले, 50 मीटर. दहा गुणांचे वर्तुळ 8 सेंटिमीटरचे.