लोकशाहीची पीछेहाट : अभ्यास आणि प्रशिक्षण

निवडून आलेले सरकार लोकशाहीच्या संस्था, संकेत आणि नागरी स्वातंत्र्ये टप्प्याटप्प्याने दुबळी करते, त्या प्रक्रियेला लोकशाहीची पीछेहाट म्हणतात. ती ओळखण्याचे, मोजण्याचे आणि पुराव्यानिशी मांडण्याचे शिक्षण संशोधक, पत्रकार व कार्यकर्त्यांना दिले जाते. लष्करी उठावाचा दिवस सांगता येतो. पीछेहाटीत मात्र बहुतेक पावले कायदेशीर मार्गाने पडतात आणि सुटी पाहिली तर किरकोळ वाटतात. म्हणूनच या अभ्यासाला वेगळी तयारी लागते.

संकल्पना : राज्यशास्त्रज्ञ नॅन्सी बर्मियो यांनी 2016 मधील लेखात दाखवले, की शीतयुद्धानंतर उघड उठाव आणि मतदानाच्या दिवशीचे गैरप्रकार कमी झाले. त्यांच्या जागी कार्यकारी सत्तेचा विस्तार आणि निवडणुकीआधीच नियम व परिस्थिती आपल्या बाजूला झुकवणे हे मार्ग आले. प्रशिक्षणाची सुरुवात सहसा अशा वर्गीकरणापासून होते.

नमुना अभ्यास : हंगेरीचे उदाहरण यासाठी विशेष उपयोगी आहे. 2010 मध्ये फिडेस पक्षाच्या आघाडीला सुमारे 53 टक्के मतांवर दोन-तृतीयांशांहून अधिक जागा मिळाल्या. 2011 मध्ये नवी राज्यघटना संमत झाली. न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय 70 वरून 62 वर आणले गेले. युरोपीय न्यायालयाने 2012 मध्ये ही तरतूद युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवली, पण तोवर अनेक ज्येष्ठ न्यायाधीशांना पदे सोडावी लागली होती. संसदेच्या जागा 386 वरून 199 झाल्या, मतदारसंघ नव्याने आखले गेले आणि 2014 मध्ये सुमारे 45 टक्के मतांवर दोन-तृतीयांश बहुमत टिकले. 2018 मध्ये सरकारसमर्थक मालकांनी चारशेहून अधिक माध्यमे एका प्रतिष्ठानाच्या हवाली केली. कायद्याच्या अभ्यासक किम लेन शेपल यांच्या मते अशा राजवटीतील बहुतेक तरतुदी कुठल्या ना कुठल्या लोकशाहीत सापडतात. धोका त्यांच्या एकत्रित परिणामात असतो. तो परिणाम वाचता येणे हे या शिक्षणाचे मुख्य उद्दिष्ट आहे.

कौशल्ये : संशोधकांना निर्देशांक तयार करण्याची आणि तपासण्याची पद्धत शिकावी लागते. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठात मुख्यालय असलेला व्ही-डेम प्रकल्प जगभरातील लोकशाहीविषयी 1789 पासूनची माहिती देतो; तिचा मोठा भाग तज्ज्ञांनी दिलेल्या गुणांकनावर उभा आहे. पत्रकारांना राजपत्र, सरकारी कंत्राटे, जाहिरातींवरील खर्च आणि माध्यमांची मालकी यांचा माग काढणे शिकवले जाते. हंगेरीत 2011 साली सुरू झालेल्या आत्लात्सो या शोधपत्रकारितेच्या संस्थेने माहितीच्या अधिकाराचा असाच वापर केला. कार्यकर्त्यांसाठी मतदान-निरीक्षण, न्यायालयीन लढाई आणि साक्षीपुराव्यांची नीट नोंद महत्त्वाची असते. फिलिपीन्समध्ये 1986 च्या निवडणुकीत नामफ्रेल या नागरी संघटनेच्या स्वयंसेवकांनी केलेली समांतर मतमोजणी हा त्याचा जुना आदर्श. 2021 मध्ये पेगासस या सॉफ्टवेअरद्वारे फोनवर होणारी हेरगिरी उघडकीस आल्यानंतर फोन, संगणक आणि माहिती देणाऱ्यांची ओळख सुरक्षित ठेवण्याच्या शिक्षणाची निकडही ठळक झाली.

मर्यादा आणि वाद : राज्यशास्त्रज्ञ अँड्र्यू लिटल आणि अॅन मेंग यांनी 2024 च्या लेखात सत्तांतराचे प्रमाण यांसारखे वस्तुनिष्ठ निकष तपासले. जगभर मोठी पीछेहाट झाल्याचा ठोस पुरावा त्यांत आढळत नाही आणि तज्ज्ञांच्या गुणांकनात काळानुसार पूर्वग्रह शिरू शकतो, असे त्यांचे म्हणणे आहे. व्ही-डेमच्या अभ्यासकांनी त्याचा प्रतिवाद केला. व्ही-डेमने 2021 च्या अहवालात भारताला 'निवडणुकीची एकाधिकारशाही' या वर्गात टाकले, तेव्हा भारतातही अशा मापनाच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले. त्यामुळे चांगल्या प्रशिक्षणात निर्देशांकाचा आकडा हा निष्कर्ष मानला जात नाही. त्यामागचे प्रश्न, गुण देणारे आणि अनिश्चिततेची मर्यादा तपासली जाते. नावडते धोरण आणि लोकशाहीची हानी यांतील फरक स्पष्ट ठेवणे, तसेच सत्तेवर कोणताही पक्ष असो, एकच कसोटी लावणे ही या अभ्यासाची नैतिक अट आहे.

पुनर्स्थापना : पीछेहाट अटळ नसते. पोलंडमध्ये ऑक्टोबर 2023 मध्ये सुमारे 74 टक्के मतदान होऊन सत्ताधारी पक्षाने बहुमत गमावले. मात्र आधीच्या काळात वादग्रस्त रीतीने नेमलेल्या न्यायाधीशांचा प्रश्न कायद्याचे राज्य न मोडता कसा सोडवायचा, हा पेच नव्या सरकारपुढे उभा राहिला. संस्था सावरण्याचे असे प्रयत्नही आता या अभ्यासक्षेत्राचा भाग आहेत.