रानपिंगळ्याचा खोटा पत्ता

वडगाव मावळात दिवेलागणीला एखाद्या जुन्या आंब्याखाली उभे राहा, पिंगळ्यांचा कलकलाट ऐकू येईल. हाच पक्षी पश्चिमेला इराणपर्यंत आणि पूर्वेला व्हिएतनामपर्यंत आढळतो. झाडाची ढोली असो की पडक्या वाड्याची भिंत, याला बिऱ्हाड कुठेही चालते. त्यामुळे आईबापांचा मुलूख सोडून निघालेल्या पिल्लाला पुढचे घर फार लांब शोधावे लागत नाही. त्याची संख्या आणि त्याचा पसारा एकमेकांच्या आधाराने टिकतात.

त्याच्या भाऊबंदाचे, रानपिंगळ्याचे, नशीब असे नाही. हा दिवसाढवळ्या शिकार करतो आणि त्याला विरळ, सागाचे जुने रानच लागते. रान तुटले, मध्ये शेते आली, की पिल्लांनी जायचे कुठे?

१८७३ साली ॲलन ह्यूम यांनी या पक्ष्याची शास्त्रीय नोंद केली. होय, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम! जगभरच्या संग्रहालयांत मिळून याचे नमुने अवघे सात. शेवटचा १८८४ चा, खानदेशात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने मिळवलेला. नंतर मात्र रिचर्ड माइनर्ट्झहेगन या इंग्रज कर्नलाने १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ एक पक्षी टिपल्याचा दावा केला, आणि नकाशावर रानपिंगळ्याचा मुलूख तिथवर पसरला.

तो पक्षी चोरीचा निघाला! डेव्हिडसनचाच एक नमुना ब्रिटिश संग्रहालयातून पळवून, पुन्हा पेंढा भरून, त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडकीस आणली. खोटा पत्ता बाजूला सारून त्या सहकाऱ्यांसह जुन्या, खऱ्या नोंदींच्या ठिकाणी गेल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी!

मग मेळघाटात तो सापडला, आणि २०१४ साली थेट ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात, म्हणजे आपल्या मावळाच्या उत्तरेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी. तो तिथे नव्याने उडत आला असेल असे मला वाटत नाही. तिथे पाहणारे डोळेच उशिरा पोहोचले असावेत. २०१८ मध्ये जागतिक यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून 'संकटग्रस्त' वर्गात आला. ठिकाणे वाढली, तरी प्रौढ पक्ष्यांचा अंदाज हजाराच्या आतलाच. तानशाचे पिल्लू उद्या उत्तरेकडे निघाले, तर तोरणमाळच्या सागापर्यंत मध्ये नाशिक-धुळ्याची शेतेच शेते आहेत.