गिमवीच्या पऱ्यातली गोगलगाय

एका बकरी ईदला, कोल्हापुरातल्या आमच्या घरी, कलेजी चिरताना त्यातून पानासारखे चपटे किडे निघाले. चाचांनी ती बाजूला टाकली आणि म्हणाले, "बकरं पाणथळ जागी चरलेलं दिसतंय." अंदाज बरोबर होता. हा लिव्हर फ्लूक. याची पिल्लं आधी गोड्या पाण्यातल्या गोगलगाईत वाढतात, मग काठच्या गवताला चिकटून जनावराच्या पोटात जातात.

याचा एक भाऊबंद माणसाला लागतो. त्याला गवतही लागत नाही. गोगलगाईतून सुटलेली पिल्लं पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून थेट आत शिरतात, मोठी होऊन मूत्राशयाच्या शिरांत राहतात आणि लघवीतून रक्त जाऊ लागतं. लघवीतली अंडी पाण्यात पडली की फेरा पुन्हा सुरू. १८५१ मध्ये थिओडोर बिलहार्झ या जर्मन डॉक्टरला हा कृमी कैरोत सापडला. १९१० मध्ये रफर यांनी इजिप्तच्या ममींमध्ये त्याची अंडी दाखवली, म्हणजे रोग फिरऔनांच्या काळापासूनचा. १९१५ मध्ये लीपर यांनी तिथली गोगलगाय ओळखली: बुलिनस.

आपल्याकडे बुलिनस आढळत नाही. मग रोग इथे रुजणार तरी कसा? प्रश्न रास्त होता, आणि त्यानेच दिशाभूल होण्यासारखी होती. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शाह यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या, आजच्या गुहागर तालुक्यातल्या गिमवीत हा रोग असल्याचं प्रसिद्ध केलं. कोल्हापुरातून घाट उतरला की लागतं ते कोकण, इजिप्त नव्हे. आपण याला 'शोध' म्हणतो. लाल लघवी गिमवीच्या माणसांनी मात्र डॉक्टरांच्या आधीच पाहिली असणार.

राहिला प्रश्न गोगलगाईचा. उत्तर निघालं फेरिसिया टेनुइस. नेहमीचा वळणदार शंख हिला नाही. पाण्यातल्या दगडाला किंवा पानाला चिकटलेली, काही मिलिमीटरची, टोपीसारखी कवची. शंख शोधणाऱ्याच्या नजरेला ती पडणंच कठीण. पऱ्यात कपडे धुणाऱ्या बाईला, डुंबणाऱ्या पोराला तर ती दगडावरचा डागच वाटेल.

माझ्या मते गिमवीच्या प्रकरणातली खरी गोष्ट हीच आहे. पुस्तकात दुसऱ्या देशाची गोगलगाय होती, पऱ्यात इथली. पऱ्याला पुस्तक ठाऊक नव्हतं.