डबलस्पेस

डबलस्पेस ही मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉस ६.० या कार्यप्रणालीत १९९३ साली समाविष्ट झालेली डिस्क-संक्षेपण सुविधा होय. हार्ड डिस्क लहान आणि महाग असण्याच्या काळात त्याच डिस्कवर अधिक माहिती साठवता यावी, हा तिचा उद्देश होता.

इतिहास

स्टॅक इलेक्ट्रॉनिक्स या अमेरिकी कंपनीचा स्टॅकर हा प्रोग्राम याच कामासाठी आधीपासून प्रचलित होता. स्टॅकने मायक्रोसॉफ्टवर पेटंटभंगाचा दावा लावला. १९९४ मध्ये ज्यूरीने स्टॅकला १२ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. एमएस-डॉस ६.२१ मधून डबलस्पेस वगळण्यात आले. ६.२२ या आवृत्तीत निराळी संक्षेपण-पद्धत वापरणारे ड्राइव्हस्पेस आले.

कार्यपद्धती

वापरणाऱ्याला ‘सी’ ड्राइव्ह म्हणून दिसणारा सर्व मजकूर प्रत्यक्षात मूळ ड्राइव्हवरील ‘डीबीएलस्पेस.०००’ या एकाच लपवलेल्या फाइलमध्ये असतो. ही फाइल पुसली गेली किंवा बिघडली, तर संपूर्ण ड्राइव्हवरील माहिती धोक्यात येते.

सामान्य अडचणी

* शिल्लक जागा : दाखवली जाणारी जागा केवळ अंदाज असतो. मजकुराच्या फाइली पुष्कळ आकुंचन पावतात. झिप फाइली जवळजवळ नाहीत. त्यामुळे जागा दिसत असूनही फाइल मावत नाही.
* वीज जाणे : स्मार्टड्राइव्ह माहिती काही क्षण स्मृतीत राखून मग डिस्कवर लिहिते. त्या वेळी वीज गेल्यास फाइली बिघडू शकतात. ६.२ मध्ये लेखन पूर्ण झाल्यावरच प्रॉम्प्ट दिसण्याची व्यवस्था करण्यात आली.
* विखुरलेली फाइल : संक्षेपित फाइलचे फार तुकडे झाल्यास ड्राइव्ह जोडला जात नाही. अशा वेळी ‘डीबीएलस्पेस.आयएनआय’मधील तुकड्यांची मर्यादा वाढवावी लागते.
* अन्य प्रणाली : विंडोज एनटी व तिच्यावर आधारित प्रणालींना असा ड्राइव्ह वाचता येत नाही.

दुरुस्तीचा क्रम

प्रथम शक्य तेवढ्या फाइलींची प्रत अन्य डिस्कवर घेतली जाते. नंतर ६.२ पासून उपलब्ध असलेल्या स्कॅनडिस्कने आधी मूळ ड्राइव्ह आणि मग संक्षेपित ड्राइव्ह तपासला जातो. मूळ ड्राइव्ह सदोष असताना केलेली दुरुस्ती टिकत नाही, म्हणून हा क्रम महत्त्वाचा आहे. संक्षेपण काढून टाकण्यासाठी सर्व फाइली मूळ आकारात मावतील इतकी जागा आवश्यक असते. ती नसल्यास काही फाइली आधी अन्यत्र हलवाव्या लागतात.