सीतेच्या ओवीची कुळकथा

नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं गाणं मराठवाड्यात कुठून आलं, याचा माग काढायला लातूर जिल्ह्यातल्या मुरुडहून फार लांब जावं लागत नाही. जिल्ह्याची हद्द ओलांडली की बसवकल्याण लागतं. हीच चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजानं 1130च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला आणि त्यात गाण्याबद्दल लिहिताना नोंदवून ठेवलं, की महाराष्ट्रात बाया कांडताना ओवी गातात. ज्ञानेश्वरी 1290ची. म्हणजे ओवी ग्रंथात आली त्याच्या दीडशे वर्षं आधी ती उखळापाशी होती आणि राजाच्या कानावरही गेली होती. आपल्याच भागातल्या बायांच्या गाण्याला इतका जुना लेखी पुरावा आहे, हे शाळेत शिकवायला हवं.

पुढे ओवीची गाठ जात्याशी पडली ती कायमची. शेजारच्या परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड हे जनाबाईंचं गाव. त्यांच्यासोबत विठ्ठल दळायला बसतो, ही कथा घरोघर माहीत आहे. काळ्या दगडाचं जातं, समोरासमोर दोघी, खुंट्यावर दोघींचे हात. एकीचा मोकळा हात मधूनमधून ज्वारीची वैरण घालतो. जात्याच्या फेऱ्यांवर दम पुरेल तेवढंच गायचं, म्हणून ओवी दोन ओळींची. एकीनं ओळ धरायची, दुसरीनं उचलायची. चालीला बाया ‘गळा’ म्हणतात. दगड गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यायचा.

हे सगळं पहाटे, घर झोपलेलं असताना. दिवसा सासरी जे तोंडातून काढता येत नाही ते तेव्हा निघायचं. माहेर, भाऊ, पंढरी, लेकरं यांच्या ओव्या अमाप आहेत. पण टाकल्याचं दुःख स्वतःच्या नावानं गाणं कठीण. तिथं सीता आली. ही रामायणाच्या शेवटची सीता, दिवस गेलेले असताना रानात सोडलेली. आपल्याकडच्या ओवीत रानात कोण रडतंय म्हणून विचारणा होते आणि बोरी-बाभळी बाया होऊन तिची समजूत घालायला येतात. अयोध्येहून कुणी आलं नाही, आली ती काटेरी झाडं. मराठवाड्याच्या माळावर बोरी-बाभळीच आहेत, म्हणून सीताही इथलीच झाली. ओवीत तिची लेकरं लहू आणि अंकुश. रामाला दोष देण्याची हिंमत याच ओवीत आहे. माझ्या मते मराठीत विरहाचं याहून सच्चं गाणं नाही.

मग गावोगाव पिठाची गिरणी आली. बायांच्या खांद्यांवरचा भार उतरला, हे चांगलंच झालं. पण जात्याबरोबर गळाही थांबला. आता जातं पुजलं जातं ते लग्नात, हळदीच्या वेळी.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी हे हरवणं वेळीच ओळखलं. गावोगावच्या बायांना सोबत घेऊन त्यांनी लाखाहून जास्त ओव्या उतरवून घेतल्या. बर्नार बेल हे फ्रेंच संगीत-अभ्यासक पुढे त्यांना येऊन मिळाले आणि प्रत्यक्ष आवाज ध्वनिमुद्रित होऊ लागला. त्यातच 1996मध्ये परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या आवाजातल्या सीतेच्या ओव्या मुद्रित झाल्या. नुसत्या कागदावर त्या वाचल्या तर अर्थ कळतो. आवाजात ऐकल्या तर ओळीच्या शेवटी लांबवलेला स्वर काळीज कापत जातो. 2017पासून ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळानं हा ठेवा भाषांतरांसह सर्वांसाठी खुला केला. ज्यांनी जातं कधी ओढलं नाही, ज्यांना मराठी येत नाही, असे लोकही आज गंगूबाईंना ऐकू शकतात.

असं गाणं दुसरीकडेही आहे. अमेरिकेत 1920मध्ये मॅमी स्मिथ यांची ‘क्रेझी ब्लूज’ ही तबकडी निघाली, तीही सोडून गेलेल्या माणसासाठी तळमळणाऱ्या बाईचंच गाणं होती. रॉक संगीताची मुळं याच ब्लूज गायनप्रकारात आहेत, त्यामुळे तिथल्या ताटातुटीच्या गाण्यांचा वंश सलग सांगता येतो. आपल्या गाण्याचं कूळ त्याहून आठशे वर्षं जुनं, पण तबकडी नव्हती, म्हणून कितीतरी गळे त्या-त्या बाईबरोबर गेले.

मुरुडच्या पंचक्रोशीत, औसा-निलंग्यात, कंधार-मुखेडकडे, जातं ओढलेल्या आज्या अजून आहेत. नुसतं विचारलं तर आठवत नाही म्हणतात. जात्यापाशी बसवा, खुंटा हातात द्या, मग ओळी सुचू लागतील. मोबाईल सुरू ठेवा. आजीची परवानगी घ्या आणि तिचं नाव, गाव, माहेर आणि तारीख तिच्या आवाजातच नोंदवून घ्या. या दिवाळीच्या सुट्टीत एवढं काम कराच.