सशाचं बीळ आणि घरातली ठोकाठोक

घरात फरशी उखडायचं काम निघालं की पाळलेला ससा कोपऱ्यात दबकून बसतो, मागचा पाय जमिनीवर आपटतो, खाणं टाकतो. घरातली माणसं मायेने त्याला मांडीवर घेतात, गोंजारतात. त्या मायेबद्दल शंका नाही. पण हा प्राणी माणसाच्या आश्रयाला कसा आला हे पाहिलं, तर त्याला धीर देणारी जागा मांडी नव्हे, बीळ आहे, असंच म्हणावं लागतं. आपल्या माळरानावरचा ससा बीळ खणत नाही. तो गवतात अंग चोरून बसतो आणि पळून जीव वाचवतो. पिंजऱ्यात विकायला येणारा ससा वेगळ्या जातीचा. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्सच्या भागात जमिनीखाली वसाहत करून राहत. पाय आपटणं ही त्या वसाहतीतली धोक्याची सूचना, आणि ती मिळाली की सगळे बिळात शिरत.

माणसाने हा ससा पाळला तो बिळासकट. इ. स. पूर्व पहिल्या शतकात व्हारो या रोमन लेखकाने शेतीवरच्या ग्रंथात सशांसाठी राखलेल्या बंदिस्त आवारांचं वर्णन केलं आहे. पुढे नॉर्मन लोकांनी इंग्लंडमध्ये ससे आणले, मांस आणि कातड्यासाठी. तिथली ओली, घट्ट जमीन त्यांना खणायला जड जाई. म्हणून रखवालदार लांबट, बुटके मातीचे उंचवटे रचत, भोवती पाणी निथळायला चर खणत, काही ठिकाणी आत दगडी पाट्यांनी झाकलेल्या नळ्याही ठेवत. डार्टमूरच्या पठारावर असे उंचवटे आजही दिसतात. ज्याला मारून खायचं त्याच्यासाठीसुद्धा आधी बीळ बांधावं लागे, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. लाकडी खुराड्यांनी सशाच्या पायाखालची माती काढून घेतली, आणि सशाला घरात मोकळा ठेवण्याची चळवळ तर अगदी अलीकडची. अमेरिकेतली ‘हाउस रॅबिट सोसायटी’ 1988 सालची.

यावर कोणी म्हणेल, इतक्या पिढ्या माणसाळल्यावर रानटी भीती उरते कुठे? आक्षेप बिनबुडाचा नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रानटी आणि पाळीव सशांच्या मेंदूंची तुलना झाली. पाळीव सशांमध्ये भीतीशी निगडित भाग तुलनेने लहान आढळला. पण भीती कमी होणं आणि नाहीशी होणं यांत अंतर आहे. पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली ती माणसाचा हात सहन करणाऱ्या सशांची. भिंतीतून आणि जमिनीतून येणारा हादरा सहन करण्यासाठी त्यांना कोणी निवडलं नव्हतं. शिवाय माणसाला साधारण 20 किलोहर्ट्‌झपर्यंतचं ऐकू येतं, सशाला त्याच्या दुपटीहून वरचं. ड्रिलचा जो आवाज आपल्याला कर्कश वाटतो, त्यातला काही भाग आपल्याला ऐकूच येत नाही आणि सशाला येतो. हळूहळू सवय होईल, हा युक्तिवाद पंख्याच्या एकसुरी घरघरीला लागू पडेल. थांबून थांबून अचानक बसणाऱ्या हातोड्याच्या घावाला नाही.

तेव्हा काम सुरू व्हायच्या काही दिवस आधीच, सर्वांत लांबच्या खोलीत, दोन बाजूंनी तोंडं कापलेलं पुठ्ठ्याचं खोकं ठेवावं. दोन तोंडं हवीतच, कारण बिळालाही पळवाट असते. खाली जाड गोधडी घालावी म्हणजे हादरा कमी पोचतो. आत त्याच्याच वासाचं कापड आणि भरपूर सुकं गवत. काम अनेक दिवस चालणार असेल तर त्याला दुसऱ्या घरी हलवणं बरं, पण तेही याच खोक्यासह, कारण परकी जागा हीसुद्धा त्याला धास्तीच. दिवसभर नजर ठेवायची ती खाण्यावर आणि लेंड्यांवर. सशाचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. भीतीने खाणं सुटलं की ते मंदावतं. दहा-बारा तास त्याने गवताला तोंड लावलं नाही, तर आवाज थांबायची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा.